पफिन दाखवायला न्या, पण आधी टोपी घ्या

जूनमध्ये आईबाबा पुण्याहून येताहेत, त्यांना पफिन हा समुद्रपक्षी बघायला इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या फार्न बेटांवर नेऊ का आणि बोट झेपेल का, असं तुम्ही विचारलंय.

न्याच. ऑगस्टवर ढकलू नका, तोवर पफिन समुद्रावर निघून गेलेले असतात. मी माझ्या आईबाबांना 2024 च्या जूनमध्ये नेलं होतं. बर्ड फ्लूमुळे बंद असलेलं त्यांतलं इनर फार्न बेट त्याच वर्षी पुन्हा उघडलं होतं.

पहिला पफिन दिसल्यावर बाबा म्हणाले, "एवढासाच?" फोटोंत बदकाएवढा वाटतो, प्रत्यक्षात पारव्याएवढा. पण तो चोचीत सँडईल मासे जुडीसारखे आडवे धरून बिळाकडे धावतो आणि मागून गल पक्षी ते हिसकावायला येतात, ते बघताना बाबा जागचे हलेनात. एवढे मासे तोंडात असताना पुढचा कसा पकडतो? टाळूला काटे असतात, आधीचे मासे तो जिभेने त्यांवर दाबून धरतो.

घरी येऊन मात्र सगळी चर्चा आर्क्टिक टर्नची. आपल्याकडच्या सुरयाचा हा भाऊबंद. अंडी वाटेच्या अगदी कडेला घालतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यात चोच मारतो. बाबांना टक्कल, टोपी गाडीत! शेवटी आईने स्वतःची ओढणी त्यांच्या डोक्याला गुंडाळली. मारणारा पक्षी जेमतेम 100 ग्रॅमचा. पण न्यूकॅसल विद्यापीठाने इथल्याच टर्नच्या पायाला यंत्र लावून माग काढला, तेव्हा त्यातला एक अंटार्क्टिकाला जाऊन परत येईपर्यंत 96,000 किलोमीटर उडाला होता. हे सांगितल्यावर बाबांचा राग जरा निवळला.

आता बोट. किनाऱ्यावरच्या सीहाउसेस गावाहून बेट साधारण अर्ध्या तासावर. माझ्या आईला एसटीसुद्धा लागते, म्हणून गोळी आधीच दिली होती. वाटेत खडकांवर लोळणारे करडे सील दिसले आणि ती मळमळ विसरली. गुडघे दुखत असतील तर धक्क्याच्या ओल्या पायऱ्यांवर हात धरा. लाटा मोठ्या असतील तर बेटावर उतरवत नाहीत, म्हणून हाताशी एक दिवस जादा ठेवा. उतरण्याचं तिकीट बोटीपेक्षा वेगळं असतं.

आणि हो, कोणी नवीन जाकीट घालून निघालं तर अडवा. वरून काय पडेल त्याचा नेम नाही, माझ्या जाकिटाचा वास दोन धुण्यांनंतर गेला.