रौप्यपदकाचा अंदाज बांधताना

सोलापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

यंदा हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे सगळे प्रयोग बघायचे आणि अभिनयाची बक्षिसं कोणाला मिळतील याचा अंदाज निकालाआधी लिहून ठेवायचा, असं तू ठरवलंयस. फार चांगलं केलंस. अतुल कुलकर्णींसारखा नट इथल्याच 'नाट्य आराधना' या हौशी नाट्यसंस्थेत काम करत पुढे गेला. हौशी रंगमंचाकडे असं डोळे उघडे ठेवून बघणारं माणूस या गावाला हवंच आहे.

पहिल्या दिवशीच वहीत दोन रकाने पाड. एक 'मला आवडलं', दुसरा 'परीक्षक देतील'. हे दोन एकमेकांत मिसळले की अंदाज गेलाच. एखादी भूमिका बघून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर ती पहिल्या रकान्यात लिही आणि तिथंच राहू दे.

मग जागा मोज. या स्पर्धेत नामांकनं जाहीर होत नाहीत, निकाल थेट येतो. मुंबईच्या व्यावसायिक पुरस्कारांसारखे प्रमुख भूमिका, सहाय्यक भूमिका असे वेगळे विभागही नसतात. उत्कृष्ट अभिनयाची दोन रौप्यपदकं असतात, एक स्त्री कलाकाराला आणि एक पुरुष कलाकाराला. त्याखाली अभिनयाची गुणवत्ता प्रमाणपत्रं. नामांकनाच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे ही प्रमाणपत्रांची यादी, आणि खरा कस लागतो तो तिथंच. गेल्या वर्षीच्या निकालात जितकी नावं होती, तितक्याच जागा यंदा धरून चाल.

आता हिशोब. समज, चौदा नाटकं आहेत आणि प्रत्येकात नजरेत भरण्याजोग्या सहा भूमिका. एकूण चौऱ्याऐंशी. आपल्याकडच्या संहितांत बायकांच्या भूमिका कमी असतात, म्हणून त्यातल्या अठ्ठावीस स्त्रियांच्या आणि छप्पन्न पुरुषांच्या धर. दोन्हीकडे एक पदक आणि पाच प्रमाणपत्रं, म्हणजे सहा-सहा जागा. स्त्री कलाकारांत साधारण पाचात एकीला काहीतरी मिळणार, पुरुषांत नवात एकाला. म्हणजे एकही प्रयोग न बघता स्त्रियांची यादी निम्मी सोपी झाली. पुरुषांच्या यादीत मात्र तुझं लाडकं नाव गळण्याची तयारी ठेव.

प्रयोग बघताना मधल्या रांगांत बस. पुढून चेहऱ्यावरची हालचाल उगाच मोठी दिसते. मध्यंतरानंतरची दहा मिनिटं मात्र शेवटच्या रांगेत जा आणि वाक्यांचे शेवट ऐकू येतात का बघ. हौशी नटाचा आवाज सुरुवातीला पोचतो, 'होता', 'नाही', 'गेली' ही शेवटची क्रियापदं मात्र विरून जातात. अनुभवी परीक्षकाच्या कानाला ते लगेच खटकतं. विंगेतलं प्रॉम्प्टिंग प्रेक्षागृहात ऐकू आलं, तर त्या नटाचं नाव दोन पायऱ्या खाली आण.

टाळ्यांवर अजिबात जाऊ नकोस. ज्या संघाचे नातेवाईक जास्त, त्यांच्या टाळ्या जास्त. त्यापेक्षा प्रेक्षागृहातलं खोकणं कधी थांबतं, ते टिपून ठेव.

नोंद त्याच रात्री कर, झोपण्याआधी. प्रत्येक नटासाठी चार गोष्टी: वाचिक म्हणजे बोलणं, आंगिक म्हणजे देहाची हालचाल, भूमिका पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत कुठून कुठे गेली, आणि समोरचा बोलत असताना हा काय करत होता. चौथी गोष्ट बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि पदक अन् प्रमाणपत्र यांच्यातलं अंतर बहुधा तिथंच असतं. दहापैकी गुण देत बसू नकोस. पहिल्या दिवशी दिलेले सात आणि दहाव्या दिवशी दिलेले सात सारखे नसतात. त्याऐवजी उतरंड रच. आजची बाई कालच्या बाईच्या वर की खाली, एवढंच ठरव आणि नाव त्या जागी सरकव. रोज दोन मिनिटांचं काम आहे.

परीक्षक तीन असतात, हे कायम डोक्यात असू दे. एका नटाला नऊ, पाच, पाच मिळाले तर एकोणीस होतात. दुसऱ्याला तिघांनी सात-सात दिले तर एकवीस. म्हणून धाडसी काम मागे राहतं आणि कोणालाच न खटकणारं काम पुढे येतं. तिघे चर्चा करून नावं ठरवत असतील, तर गणित उलटतं: एकाने जोर लावला की नऊवाला वर येऊ शकतो. आतलं आपल्याला दिसत नाही, तेव्हा अशा नटाचं नाव काढून न टाकता त्याला मधली शक्यता दे. शिवाय पहिल्या एक-दोन दिवसांत कोणीही परीक्षक हात राखूनच गुण देणार, कारण पुढे काय येणार ते त्याला माहीत नसतं. पहिल्या प्रयोगातल्या चांगल्या नटाला त्याचा फटका बसतो.

भूमिकेचं वजनही बघ. म्हातारपण, वेड, दारू, आजार असलेल्या भूमिका पटकन नजरेत येतात. पण परीक्षक स्वतः नट असेल तर थरथरते हात त्याला फसवत नाहीत. लांबलचक स्वगताचंही तसंच. गाजलेलं जुनं नाटक घेतलं तर तुलना चुकत नाही. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'चे अप्पा बेलवलकर उभे करणाऱ्याला डॉ. श्रीराम लागूंच्या आठवणीशी झुंजावं लागतं, समोर बसलेल्या तिघांनी तो प्रयोग बघितलेला असो वा नसो. नव्या संहितेतल्या नटावर हे ओझं नसतं.

सोलापूरची एक खास अडचण सांगतो. आपल्या बोलीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकमेकांत मुरलेल्या आहेत. 'काय बे'वर प्रेक्षागृह खळाळून हसतं. बाहेरगावच्या परीक्षकाला त्यातला नेमका ठसका कळेलच असं नाही. बोलीतल्या भूमिकेबद्दल स्वतःला विचार: शब्द कळले नाहीत तरी माणूस कळतो का? कळत असेल तर नाव यादीत ठेव. नुसत्या हशावर उभी असेल तर काढ.

एकाच नाटकात दोन तोलामोलाचे नट असले की मतं फुटतात. पहिल्या तीन क्रमांकांच्या जवळ जाणाऱ्या नाटकांतून जास्त नावं येतात, कारण अभिनय चांगला असल्याशिवाय नाटक तिथवर जातच नाही. तरी एकाच संघाची चार नावं लिहिताना हात आखडता घे. क्रमांकाच्या आसपासही न आलेल्या नाटकातल्या एखाद्या नटासाठी एक जागा मोकळी ठेव. हे खरंच होतं की नाही, ते 'संचार'सारख्या दैनिकांचे जुने अंक चाळून पडताळ. पाच वर्षांचे निकाल पुरे. पहिल्या क्रमांकाच्या नाटकाला किती प्रमाणपत्रं, क्रमांकाबाहेर किती, एवढ्या दोनच गोष्टी मोज.

शेवटचा पडदा पडला की नावापुढे 'मिळेल' किंवा 'नाही' असं लिहू नकोस, शंभरात किती शक्यता ते लिही. मग बेरीज कर. पुरुषांच्या सहा जागा असतील तर सगळ्यांची बेरीज सहाशे यायला हवी, यादीत न घेतलेल्यांसाठी ठेवलेले शंभरएक धरून. नऊशे आली तर तू सगळ्यांशी प्रेमाने वागलायस. कापायला बस. कापताना शेवटच्या दोन दिवसांतली नावं आधी तपास, ताज्या आठवणीने तीच फुगलेली असतात.

निकालपत्रक आलं की तुझ्या अंदाजाची चूक मोज. सत्तर लिहिलं आणि मिळालं, तर चूक तीस शतांश, म्हणजे ०.३, आणि तिचा वर्ग ०.०९. सत्तर लिहून मिळालं नाही तर ०.४९. नव्वद लिहून हुकलं तर ०.८१, म्हणजे खात्रीची चूक महाग पडते. सगळ्यांची बेरीज जितकी कमी तितका अंदाज चांगला. निकालात कलाकाराचं आणि भूमिकेचं नाव जुळवून बघ. ऐनवेळी बदली झालेली असते आणि छापलेल्या पत्रिकेत जुनंच नाव राहतं.

एक गोष्ट मात्र कसोशीने पाळ. यादी निकालाआधी कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नकोस, आणि परीक्षकांच्या आसपास चहाच्या निमित्तानेही घुटमळू नकोस. दिवसभर कारखान्यात, बँकेत, शाळेत राबून रात्री तालमीला येणारी ही माणसं आहेत. तुझ्या वहीतला सत्तरचा आकडा त्यांच्या घरी पदक म्हणून पोचतो, आणि मग निकालाच्या दिवशी त्या घरात काय होतं त्याला तू जबाबदार ठरतोस. यादीवर तारीख घाल, पाकीट चिकटव आणि माझ्याकडे आणून दे. निकाल लागल्यावर दोघं बसून उघडू. तुझी पहिल्या रकान्यातली नावंही घेऊन ये, ती मला जास्त वाचायची आहेत.

तुझा,
काका