आधी पुढचे तीन स्पीकर, एव्हीआर सर्वांत शेवटी

देवगडच्या सदस्यांचा प्रश्न वाचला. एकाच खोक्यात आलेला जुना ५.१ संच (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, म्हणजेच सब), कौलारू घर, आवाज ‘घुमणारा’, संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा आणि मारामारी सुरू झाली की घाईघाईने कमी करायचा, अशी त्यांची अडचण आहे. हाताशी साठेक हजार रुपये आहेत. ते यंदा सगळे ७.२ अॅटमॉस एव्हीआरवर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारे मुख्य यंत्र; अॅटमॉस म्हणजे डोक्यावरूनही आवाज आल्याचा भास देणारी पद्धत) घालायचे आणि स्पीकर पुढच्या वर्षी पाहायचे, असा त्यांचा बेत आहे. वेंगुर्ल्याला माझ्या घरी हीच तक्रार होती, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. माझ्या मते हा क्रम उलटा करावा.

पहिले कारण निव्वळ जोडणीचे आहे आणि दुकानदार ते बहुधा सांगत नाहीत. खोक्यातल्या संचांचे स्पीकर अनेकदा ३ किंवा ४ ओहमचे असतात (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध; आकडा जितका कमी, तितका यंत्रावर भार जास्त), तर नेहमीच्या किमतीतले बहुतेक एव्हीआर ६ ओहम किंवा त्याहून अधिकच्या स्पीकरसाठी बनवलेले असतात. जुने स्पीकर नव्या एव्हीआरला लावून आवाज वाढवला, की यंत्र तापून स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद पडू शकते. त्यातही अशा जुन्या संचाच्या सबवूफरमध्ये बहुधा स्वतःचा अॅम्प्लिफायर नसतो, तो मुख्य यंत्राच्या जोरावर चालतो. नव्या एव्हीआरला सबवूफरसाठी फक्त सिग्नलची पिन असते, त्यामुळे तसा सब पहिल्याच दिवशी मुका होतो. म्हणजे साठ हजार खर्चून घरात आहे त्यापेक्षा कमी ऐकू येईल. याउलट ८ ओहमचे चांगले बुकशेल्फ (कप्प्यावर मावतील एवढे) स्पीकर जुन्या यंत्राला लावले, तर यंत्रावर भार कमी पडतो. ताकद थोडी कमी मिळते, पण मोठा स्पीकर तेवढ्याच वॅटमध्ये सहसा अधिक मोठ्याने वाजतो, त्यामुळे खोलीत फारसे उणे वाटत नाही. काही संचांना रंगीत प्लास्टिकचे खास प्लग असतात; तेवढे जुन्या वायरीसकट कापून नव्या वायरीला जोडून घ्यावे लागतात.

दुसरे कारण संवादांचे. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. संचातला तीन इंची छोटा (सॅटेलाइट) स्पीकर तिथवर उतरत नाही, म्हणून तो भाग सबकडे ढकलला जातो. परिणामी शब्द टीव्हीखालून येतात आणि त्या आवाजाचे वजन कोपऱ्यातल्या सबमधून घुमत येते. आपण वर्णन केलेला ‘घुमणारा’ आवाज बहुधा हाच असावा. पाच-साडेपाच इंची वूफरचे तीन स्पीकर पुढे आले, की नवा सब आल्यावर त्याची सीमा ८० हर्ट्झवर ठेवता येते, म्हणजे त्याखालचाच आवाज सबकडे जातो, आणि माणसाचा आवाज जिथून यायला हवा तिथूनच येतो. सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, मात्र डाव्या-उजव्याच्याच मालिकेतला घ्यावा आणि शोकेसच्या कप्प्यात खोल ढकलून ठेवू नये. त्याचे तोंड कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे आणून, खाली रबराचा तुकडा देऊन, बसणाऱ्याच्या कानाकडे वळवावे. वॅटच्या आकड्यांना भुलू नये. वॅट दुप्पट केले तर वाढ फक्त ३ डेसिबलची होते. ८७ ऐवजी ९० डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये अधिक मोठ्याने वाजणारा) स्पीकर घेतला, तर तेवढीच वाढ एक वॅटही न वाढवता मिळते.

तिसरे कारण मला सर्वांत महाग पडले. एव्हीआर ही या साऱ्यातली सर्वांत नाजूक, सर्वांत लवकर जुनी होणारी आणि आपल्या भागात दुरुस्तीला सर्वांत अवघड वस्तू आहे. माझ्या एव्हीआरचे एचडीएमआय भर पावसाळ्यात बंद पडले. अधिकृत विक्रेत्याचे बिल होते, वॉरंटी शिल्लक होती. जवळचे सेवा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात, मूळ खोक्याशिवाय यंत्र घेणार नाही असे सांगणारे. खोके जपून ठेवले होते म्हणून पार्सल करता आले. त्यानंतर गणपती येऊन गेले तरी फोनवर ‘तपासणी सुरू आहे’ एवढेच उत्तर मिळत राहिले. शेवटी यंत्र तपासणी शुल्काच्या बिलासह परत आले आणि कामाच्या कागदावर एकच शब्द होता: ‘कोरोजन’. समुद्रकाठच्या हवेने आतला बोर्ड गंजला आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही, असे तोंडी सांगण्यात आले. बोर्डाचा फोटो मागितला, तो दिला नाही. वॉरंटीच्या कागदावर समुद्रकाठ कुठे वगळला आहे ते दाखवा म्हटले, त्यालाही उत्तर नाही. यंत्र टेबलावर ठेवून मागची बाजू पाहिली, तर झाकणाच्या स्क्रूवर डकवलेले सीलचे चकचकीत स्टिकर जसेच्या तसे होते. त्याला नखाचा ओरखडासुद्धा नव्हता. झाकण न उघडताच आतला गंज दिसला, असे म्हणणाऱ्या केंद्राबद्दल मला आजही संताप आहे. मुंबई-पुण्याच्या ग्राहकाला असे उत्तर देण्याचे धाडस झाले असते असे मला वाटत नाही. नंतर गावातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराने झाकण काढले तेव्हा बोर्ड स्वच्छ होता. एचडीएमआयला वीज पुरवणारा भाग तेवढा गेला होता, आणि तो बाजारात सुटा मिळत नाही. आता टीव्हीपासून ऑप्टिकल केबल लावून ते यंत्र डॉल्बी डिजिटल ५.१ वाजवते, चित्र थेट टीव्हीला जाते. त्याच काळात घेतलेले स्पीकर मात्र अजून ठणठणीत आहेत, कारण त्यांत बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

कोणावर अशी वेळ आली, तर यंत्र देताना सीलचे, मागच्या पाटीवरील अनुक्रमांकाचे आणि पिनांचे फोटो काढावेत आणि सारा पत्रव्यवहार ईमेलवर ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मी वकील नाही. आपल्या बाबतीत काय लागू पडेल ते जाणकाराला विचारून घ्यावे.

स्पीकर निवडताना कोनभोवतीची कड रबराची आहे ना, हे बोटाने दाबून पाहावे. फोमची कड आपल्या दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन गळू लागते. वायरीचेही तसेच आहे. उघडे तांबे इथे हिरवे-काळे पडते आणि टोक स्क्रूखाली दाबलेले असले तरी आवाज खरखरू लागतो. बोटींच्या वायरिंगला वापरतात ती कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्यावी. न मिळाल्यास साधी पण शुद्ध तांब्याची घ्यावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा थर दिलेली स्वस्त वायर घेऊ नये. त्याहून महाग वायरीला मी एक रुपयाही देणार नाही.

साठ हजारांतले काही हजार मात्र अर्थिंगसाठी आणि सर्ज प्रोटेक्टरसाठी (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारे साधन) बाजूला काढावेत, आणि हे काम स्पीकरच्याही आधी व्हावे. आपल्याकडे जांभ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठक्क होते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा सुरू होतात. अर्थिंग नीट नसेल तर प्रोटेक्टर पुरेसा उपयोगी पडत नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आभाळ भरून येऊ लागले की गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लगबरोबर डिशची वायरही काढावी. छतावरून आलेला झटका सेट टॉप बॉक्स आणि एचडीएमआयमार्गे थेट एव्हीआरपर्यंत पोचू शकतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

अॅटमॉसचा विचार आपल्या घरापुरता तूर्त सोडून द्यावा. वर तोंड करून छतावर आवाज आपटवणारे स्पीकर सपाट छतासाठी असतात. कौलांच्या उतारावरून आवाज भलतीकडे जातो आणि फटींतून निसटतो. छपराखाली लाकडी फॉल्स सीलिंग असेल तर गोष्ट वेगळी. आषाढात कौलांवर पाऊस कोसळत असताना कोणतेही यंत्र फारसे कामी येत नाही. तेव्हा सेंटरची पातळी ३ डेसिबलने वर घ्यावी आणि नाइट मोड (मोठे आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारी सोय) लावावा. जुन्या यंत्रातही या सोयी बहुधा सापडतील.

पुढच्या वर्षी स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला सब घ्यावा. तो आधी सोफ्यावर आपल्या बसण्याच्या जागी ठेवून खर्जाचे एखादे गाणे लावावे, आणि भिंतीकडेने ओणवे फिरत जिथे खर्ज सर्वांत एकसारखा ऐकू येतो तिथे तो कायमचा ठेवावा. एव्हीआर आणि सब एकाच वेळी घ्यावेत, कारण जुन्या यंत्राला बहुधा सबची पिन नसेल. एव्हीआर घेण्यापूर्वी त्या कंपनीचे सेवा केंद्र रत्नागिरी-सिंधुदुर्गात खरोखर चालू आहे का, हे फोन करून स्वतः विचारावे. संकेतस्थळावरच्या यादीवर विसंबू नये. टीव्हीला ई-आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच एव्हीआरकडे पाठवणारी सोय) असेल तर एव्हीआरलाही असावे.

आपल्या जुन्या यंत्राच्या मागच्या पाटीचा फोटो टाकावा, त्यावर ओहमचा आकडा लिहिलेला असतो. खोलीची लांबी-रुंदी आणि सोफा भिंतीपासून किती दूर आहे, हेही कळवले, तर कोणते स्पीकर बसतील ते नेमके सांगता येईल.