दुखत नाही, मुंग्या येतात

बेळगावच्या वडगावातून एका बहिणीचं पत्र आलंय. वय 43, घरी यंत्रमाग, ही कांड्या भरते. तिच्याच शब्दांत थोडक्यात देते:

"अक्का, दीड वर्ष झालं, तळपायांना मुंग्या येतात. आधी बोटांना होत्या, आता घोट्यापर्यंत आल्यात. रात्री आग होते, चादर टेकलेलीसुद्धा सोसत नाही. तीन डॉक्टर झाले. कमरेचा एमआरआय काढला, करंट लावून नसा तपासल्या, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी गोळी दिली, खरं मेडिकलवाला म्हणाला ही डिप्रेशनची आहे, म्हणून बंद केली. सासूबाई सौंदत्तीला नवस बोलल्यात. हे म्हणतात तुझ्या डोक्यातच आहे. मला कानडी धड येत नाही, दवाखान्यात नववीतला मुलगा बोलतो. तो सांगतो, आईचं 'काल् नोव' आहे. अक्का, मी वेडी होतेय काय?"

नाही गं बाई. मुंग्या बोटांपासून घोट्यापर्यंत कशा चढल्या, हे तू किती नेमकं सांगितलंयस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या 'काल् नोव'पाशी अडले. नोव म्हणजे दुखणं. तुला मुंग्या येतात, आग होते, आणि डॉक्टरांच्या कानावर गेलं ते 'पाय दुखतात'. पाय दुखतात म्हटल्यावर कोणीही आधी कंबर बघणार, गुडघा बघणार, पेनकिलर देणार. यात पोराची चूक नाही. नववीतल्या मुलाने आईच्या अंगातलं सगळं कानडीत कसं मांडावं? पण नसांच्या दुखण्यात अर्धं निदान सांगण्यातच असतं. मुंग्या, बधिरपणा, आग, करंट बसल्यासारखी चमक, कापसावर चालल्यासारखं वाटणं, यातल्या प्रत्येकाने डॉक्टरांचा विचार वेगळीकडे जातो. दोन्ही पायांना बोटांपासून सारखं वर चढत असेल तर एक दिशा, एकाच पायात कमरेपासून खाली उतरत असेल तर दुसरी.

म्हणून आता असं कर. एका कागदावर कधी सुरू झालं, कुठून कुठे सरकलं, रात्री वाढतं का, चप्पल पायातून निसटली तर कळतं का, हे सगळं मराठीत लिही. चालू असलेल्या आणि बंद केलेल्या गोळ्यांची नावंही लिही. मराठी समजणारे डॉक्टर बेळगावात पुष्कळ आहेत, तसे बघ. नाहीच जमलं तर पोराला दोन शब्द शिकवून ने: मुंग्यांना 'जोमु', आगीला 'उरि'.

मी डॉक्टर नाही. तरी तू लिहिलेल्या तपासण्यांत मला बी12 हे व्हिटॅमिन कुठे दिसलं नाही, आणि तूच लिहितेस की घरात सगळे माळकरी, मांस-मच्छी अकरा वर्षांपूर्वी सुटली आणि दूधही चहापुरतंच. बी12 मिळतं ते दूध, अंडी, मांस-मच्छीतून. शरीर त्याचा साठा यकृतात कित्येक वर्षं पुरवून वापरतं, म्हणून कमतरता उशिरा कळते आणि माळेशी तिचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. हिमोग्लोबिन चांगलं असूनही नसांना त्रास झालेला असू शकतो. पित्ताच्या गोळ्या वर्षभर चालू असतील तर त्याही सांग, त्यांनी बी12 अंगी लागणं कमी होतं. आणि रक्त द्यायच्या आधी ताकदीचं लाल इंजेक्शन घेऊ नको. त्यात बहुधा बी12च असतं, मग रिपोर्ट उगाच चांगला येतो. 'नसांच्या' व्हिटॅमिन गोळ्याही मनाने महिनोन्‌महिने खाऊ नयेत, कारण बी6 जास्त झालं तर त्यानेच मुंग्या येतात. याच्याच जोडीला तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी, थायरॉईड आणि किडनी, एवढं डॉक्टरांना विचार. बधिर झालेला फिकट चट्टा अंगावर कुठे असेल तर लाजू नको, दाखव. कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि तो पूर्ण बरा होतो.

राहिला तो 'नॉर्मल' रिपोर्ट. करंटच्या तपासणीत जाड नसा कळतात. आग, गरम-गार, टोचणं हे नेणाऱ्या बारीक नसा तिच्यात दिसतच नाहीत. तू खोटं बोलतेस असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही, हे घरच्यांनाही वाचून दाखव. गोळीचंही तसंच. ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन डिप्रेशनला देतात हे खरं, आणि नसांची आग कमी करायलाही देतात. ज्यांनी लिहून दिली त्यांच्याकडे परत जा आणि पुन्हा सुरू करायची का ते विचार. दर वेळी नवा डॉक्टर गाठलास तर प्रत्येक जण पहिल्या पानापासून सुरू करतो.

माझ्याही तळव्यांची दिवेलागणीनंतर आग होते, नऊ वर्षं झाली. मिरजेच्या एका वयस्कर डॉक्टरांनी कापूस, टाचणी आणि घणघणणारा चिमटा लावून अर्धा तास पाय तपासले. बी12, साखर, सगळं बघून झालं. कारण सापडलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी खूप रडले, तुझ्यापासून कशाला लपवू? पण त्यांनी दर सहा महिन्यांनी बोलावलं, आग वाढली का, शक्ती कमी झाली का बघितलं, आणि तेवढ्यानेच मला झोप लागू लागली. तुझंही कारण कदाचित सापडणार नाही. तरी आग कमी करता येते. चादर पायांना टेकू नये म्हणून मी पायथ्याशी उशी उभी ठेवते. तू बिबा लावू नको, कढत पाण्यात पाय बुडवू नको. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही, पाणी आधी कोपराने बघ. मागाखाली अनवाणी फिरू नको, रोज रात्री तळवे निरखून बघ.

पुढचं काहीही झालं तर मात्र थांबायचं नाही. अचानक एका बाजूचा हात-पाय गळला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. किंवा दोन-चार दिवसांत पायातली शक्ती भराभर जायला लागली, श्वास अडला. किंवा बसायची जागा बधिर होऊन लघवी-संडासचा ताबा गेला, तर रात्र असली तरी तशीच मोठा दवाखाना गाठ.

सासूबाईंना सौंदत्तीला जायचं असेल तर जाऊ दे, तूही जा, यल्लम्मापुढे मन मोकळं कर. फक्त रक्त त्याआधी देऊन जा. आणि नवऱ्याला पुढच्या खेपेला दवाखान्यात बरोबर ने. तुझ्या तळपायावर डॉक्टर टाचणी टोचतील तेव्हा तो समोर उभा असू दे.

बी12चा आकडा आला की मला कळव.

तुझी अक्का