वाडीत चेंडू येतो त्यावर उपाय

ताई, तुमच्या घराला लागून मोकळी जागा आहे, तिथे शेजारचे पोट्टे क्रिकेट खेळतात, चेंडू सारखा तुमच्या भाजीच्या वाडीत येतो, वांगी-मिरची मोडली, सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वाफा तुडवला गेला, शेजारीण "पोट्टेच आहेत" म्हणून मोकळी झाली आणि आता घरचे पोलीस ठाण्यात जायचं म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडची. आमच्या वाडीलाही खेळायची जागा लागूनच आहे, म्हणून जे करून पाहिलंय तेच सांगते.

आधी वाडीत बसून नुकसान कशाने होतंय ते नीट पाहा. टेनिसचा चेंडू साठ ग्रॅमही भरत नाही. तो फार तर मिरचीची एखादी फांदी मोडेल, दोन भेदरं (टोमॅटो) पाडेल. सांभाराचा वाफा चेंडूने आडवा होत नाही. तिथे टाचांचे खड्डे दिसतील, वाफ्याचा काठ फुटून पाणी वाहून गेलेलं दिसेल, कुंपणाच्या तुराट्या एकाच जागी दबलेल्या दिसतील. वाडी मोडतो तो चेंडू आणायला येणारा पोट्टा. तिकडे बाकीचे ओरडत असतात, इकडे तुम्ही रागवाल ही धास्ती, म्हणून तो कुंपणावरून उडी टाकतो आणि वाट्टेल तिथून पळतो. फाटकाला कुलूप घातलं की हे वाढतं. म्हणून कुलूप काढा, नुसती कडी ठेवा आणि फाटकापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाऊलभर वाट मोकळी सोडा. तिच्या दोन्ही कडांना विटा उभ्या गाडल्या की वाट कुठली आणि वाफा कुठला, हे पळणाऱ्यालाही दिसतं.

बोलायचं कोणाशी, तर ज्याची बॅट असते त्याच्याशी. खेळाचे नियम तोच ठरवतो. खेळ रंगात असताना नाही, सकाळी एकटा सापडला की बोलवा. मी म्हटलं होतं, "बाबू, मले तुमचा खेळ बंद नाही कराचा. पण वाडीत डायरेक्ट गेला त मारणारा आऊट, अन् चेंडू आणाले एकच जण येईन, फाटकातून." गल्लीतल्या क्रिकेटमध्ये असे नियम असतातच, त्यामुळे पोट्ट्यांना ते पटकन पटतं. आऊट व्हायचं नसतं, म्हणून फटका आपोआप खाली येतो. दहा वेळा ओरडून जे होत नाही ते या एका नियमाने होतं. आणि चेंडू कधीच जप्त करू नका. तो त्यांनी वर्गणी करून आणलेला असतो. तुम्ही ठेवून घेतला की नियमाची गोष्ट मागे पडते आणि भांडण चेंडूचं होऊन बसतं.

शेजारणीकडे तक्रार घेऊन जाऊ नका, तिला वाडीत बोलवा. तोंडी सांगितलेलं नुकसान "पोट्टेच आहेत" यात उडून जातं. तुडवलेला वाफा समोर दिसला की तिलाही कळतं, कारण भाजी तीही लावते.

आता खेळपट्टी. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा जोराचा फटका बहुतेक लेगला, म्हणजे गोलंदाजाकडे तोंड केलं तर त्याच्या डावीकडे जातो. तुमची वाडी त्याच अंगाला असणार. स्टंप फिरवायला सांगा, वाडी बॅट्समनच्या स्टंपमागे आली पाहिजे. मग तुमच्याकडे येतो तो हुकलेला, घरंगळता चेंडू. त्याला तुराट्यांचा कमरेएवढा तट्टा पुरतो. वर बल्ल्या रोवून हिरवी शेडनेट बांधा, पण ताणून नाही, सैल सोडा. ताणलेली जाळी चेंडू परत फेकते आणि गाठीपाशी फाटते. सैल जाळीत त्याचा जोर मरतो. वाडीच्या पश्चिमेला ती बांधता आली तर दुपारनंतरच्या उन्हातही कामी येते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे ऊन आणि क्रिकेट दोन्ही सोबतच चालतं.

मोठी मुलं कॉर्कच्या किंवा लेदरच्या चेंडूने खेळत असतील तर मात्र अजिबात ऐकून घेऊ नका. लेदरचा चेंडू 155 ग्रॅमच्या वर असतो. तो छपराचे कवेलू फोडतो, आणि वाफ्यात वाकून निंदणाऱ्या बाईच्या डोक्यात बसला तर काय होईल ते सांगायला नको. हे सरळ सरपंचांकडे न्यायचं.

ठाण्यात जाण्याबद्दल. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यातलं नुकसानीचं कलम 324, म्हणजे रिष्टी, लागायला नुकसान करायचा हेतू किंवा तशी जाणीव दाखवावी लागते. किरकोळ नुकसान अदखलपात्र असतं; पोलीस नोंद घेतात, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य तर कलम 20 प्रमाणे गुन्हाच नाही. त्यापेक्षा गावची तंटामुक्ती समिती बरी, ही मोहीम 15 ऑगस्ट 2007 पासून अशाच भांडणांसाठी सुरू झाली. जागा ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरान, असेल तर तिथला खेळ तुम्ही एकट्याने बंद करू शकत नाही. पोरांना दुसरं मैदान मिळावं हा विषय ग्रामसभेत मांडा.

दोन गोष्टी हात जोडून सांगते. रानडुकरांसाठी शेतात सोडतात तसा करंट घराच्या कुंपणात कुणी सुचवला तरी सोडू नका. त्याने माणसं मेली आहेत, आणि इथे तर लेकरं हात घालणार. आणि पऱ्हाटीवरचं, म्हणजे कपाशीवरचं, उरलेलं औषध वांग्यावर मारू नका. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती जीव गेले ते आपण पाहिलंय. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर 2005 पासूनच बंदी आहे. पोट्टा ओल्या पानांतून चेंडू काढतो, हात पँटीला पुसतो आणि त्याच हाताने बोरं खातो. वाडीत काहीही फवारलं तर त्या दिवशी बॅटवाल्याला आधी सांगून ठेवा, चेंडू तुम्हीच काढून द्या.

मोडलेल्या झाडांचं म्हणाल तर वांगं उपटू नका. मोडलेल्या जागेच्या खाली स्वच्छ छाटा, बुडाशी शेणखत द्या, नवी फूट येते. भेदऱ्याची मोडकी फांदी खालची पानं काढून ओल्या मातीत खोचा आणि सावली करा, मुळं धरते. मिरची दुबेळक्यातच, म्हणजे दोन फांद्या फुटतात तिथेच, चिरली असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका, तिथे दुसरं रोप लावा. सांभार पुन्हा पेरताना धणे चोळून दोन फाकी करा आणि या खेपेला वाफा फाटकापासून सगळ्यात लांब घ्या.