पत्त्यावर झाकलेला हात

"मॅडम, दोघंही कमावतो, उधळपट्टी नाही, तरी राहतो त्या उपनगरात घर घेणं जमत नाही. आमचं चुकतंय कुठे?" मी जोडप्यांचं समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. बहुतेकदा घराचा म्हणून येत नाही, भांडणाचा म्हणून येतो.

या जोडप्याचंही तेच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सात वर्षं एकाच भागात भाड्याने, मुलगी चौथीत. फॉर्मवर कारण लिहिलं होतं, 'सतत वाद'. थोडं खोदल्यावर कळलं की वाद रविवारी होतात, फ्लॅट बघून आल्यावर.

त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. घड्यांवरची शाई पुसट झाली होती. कर्ज वीस वर्षांचं, पंचवीस वर्षांचं, तीस वर्षांचं, प्रत्येकापुढे हप्ता, आणि तीसभोवती गोल. "मुदत वाढवली की बसतंय."

"बसतंय, मी जादा शिफ्ट घेतल्या तर," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

मी काही पैशांची सल्लागार नाही, पण या कामात थोडं गणित शिकावंच लागतं. व्याजदर ९ टक्के धरून त्यालाच हिशेब करायला लावला. मुदत २० वर्षांची ३० केली तर हप्ता जेमतेम ११ टक्क्यांनी उतरतो, पण एकूण फेड मुदलाच्या २.१६ पटीवरून २.९ पटीवर जाते. तीस वर्षांच्या पहिल्या हप्त्यात शंभरातले ९३ नुसत्या व्याजाचे. भाडं म्हणजे पाण्यात पैसे, असं जो तो ऐकवतो; व्याजाबद्दल तसं कुणी बोलत नाही.

तो बराच वेळ गप्प होता. मग खरी गोष्ट बाहेर आली. "बाबांनी माझ्या वयात घर घेतलं होतं. एकट्याच्या पगारावर."

"घेतलं तेव्हा तिथे काय होतं?"

तो हसला. "काही नाही. संध्याकाळी सातनंतर बस नव्हती."

विटा-सिमेंट दोन्हीकडे तेच. महाग असते ती जागा. स्टेशन, शाळा, जवळपासच्या नोकऱ्या हे सगळं जमिनीच्या भावात उतरतं. त्यातून एकेका फ्लॅटसाठी दोन पगारांची घरं दोन पगारांच्या घरांशीच चढाओढ करतात. बाबांनी गावाबाहेरची जागा घेतली होती, मागाहून शहर तिच्यापर्यंत आलं. मुलगा आयतं झालेलं उपनगर मागत होता. यात त्याचा नाकर्तेपणा कुठे आला? पण रोज रात्री तो स्वतःला तेच ऐकवायचा, आणि रविवारी ते तिच्यावर निघायचं.

दोघांना कोरे कागद दिले. या भागातलं काय सुटलं तर खरंच चालणार नाही, ते लिहा म्हटलं. तिने लिहिलं, शाळा आणि दहा मिनिटांवरचं माहेर. त्याने एकच शब्द लिहिला, 'पत्ता', आणि त्यावर हात ठेवला.

लांबचं स्वस्त घरही तपासलं. घराचा हप्ता किंवा भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांत बसवावं असा एक ढोबळ आडाखा आहे; प्रवास धरला तर दोन्ही मिळून ४५. लांबच्या घराचा हप्ता तिशीत बसत होता, पण दोघांचा प्रवास धरला की पंचेचाळिशी ओलांडत होती. वर रोजचे अडीच तास. ते कोण देणार, यावर दोघं पहिल्यांदा न ओरडता बोलले.

त्यांनी तूर्त आताच्याच भागात भाड्याने राहायचं ठरवलं, एक खोली कमी असलेल्या घरात, करार तीन वर्षांचा. वाचलेलं दरमहा बाजूला. कायमचा तोडगा नाही हा. भाडं वाढेल, घरमालक बदलेल. तेही बोलून झालं.

शेवटच्या बैठकीत ती म्हणाली, लग्नाचा फोटो सात वर्षं कपाटामागे होता, 'आपल्या घरात लावू' म्हणून. आता घरमालकाला विचारून खिळा ठोकलाय.

"वाकडा ठोकलाय," तो म्हणाला, आणि त्यावरून दोघांचं माझ्यासमोरच जुंपलं.