संगणक-शंका : मालक मीच, मग परवानगी कसली?

प्रश्न : सियागंजात आमचं घाऊक किराण्याचं दुकान आहे. संगणकावर खातं एकच, माझं, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. तरी बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की पडदा काळवंडतो आणि 'यस' की 'नो' विचारणारी चौकट येते. गिऱ्हाईक समोर ताटकळतं. ही चौकट कायमची बंद करू का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : बंद करू नका. ती रोज का येते, ते आधी शोधा.

अ‍ॅडमिनिस्ट्रेटर तुम्ही आहात, पण तुमच्या खात्यात उघडलेला प्रत्येक प्रोग्राम तुमच्याच नावाने चालतो. ब्राउझरही आणि मेलमधून 'बिल' म्हणून आलेली एखादी भलतीच फाइलही. विंडोज एक्सपीच्या काळात या सगळ्यांना तुमचे पूर्ण अधिकार आपोआप मिळत. व्हिस्टापासून (2007) विंडोज लॉगिनच्या वेळीच तुमची दोन टोकन, म्हणजे अधिकारपत्रं, बनवते : एक साधं, एक पूर्ण अधिकाराचं. रोजचं काम साध्या टोकनवर चालतं. पूर्ण टोकन 'यस' दाबल्यावरच त्या एका प्रोग्रामला मिळतं. तिजोरीची किल्ली खिशात असली म्हणून कोणी तिजोरी उघडी टाकून गल्ल्यावर बसत नाही.

पडदा काळवंडतो त्यालाही कारण आहे. त्या क्षणी चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर असते. तिथे तुमचे इतर प्रोग्राम पोहोचत नाहीत, त्यामुळे त्यांना तुमच्या वतीने 'यस' दाबता येत नाही. म्हणून या चौकटीच्या ('यूजर अकाउंट कंट्रोल') सेटिंगच्या चार पायऱ्यांपैकी 'पडदा काळा करू नका' ही पायरीसुद्धा मी सुचवणार नाही. सगळ्यात खालची 'नेव्हर नोटिफाय' निवडली, तर कोणताही प्रोग्राम मागेल तेव्हा न विचारता पूर्ण अधिकार घेईल : विंडोजबरोबर सुरू होऊन पडद्यामागे चालणारी सर्व्हिस बसवेल, विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती (शॅडो कॉपी) पुसेल. तुमच्या स्वतःच्या फाइली बिघडवायला मात्र साधं टोकनही पुरतं, हे ध्यानात ठेवा. त्यासाठी बॅकअपच हवा, आणि तोही काम झाल्यावर काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कवर.

आता तुमचं बिलिंग. आयकॉनवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'कम्पॅटिबिलिटी'. तिथे 'रन धिस प्रोग्राम अ‍ॅज अ‍ॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'वर टिक असेल तर ती काढायची आहे, पण लगेच नाही. बसवणारा मेकॅनिक ती टिक बहुधा एकाच कारणाने करतो : सॉफ्टवेअर आपला डेटा 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये लिहितं, आणि तिथे साध्या टोकनला लिहिता येत नाही.

टिक काढण्याआधी मात्र डेटा हलवा, नाहीतर घोटाळा होईल. टिक नसताना जुनं 32 बिटचं सॉफ्टवेअर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये लिहायला गेलं की विंडोज ते लिखाण गुपचूप तुमच्या यूजर फोल्डरमधल्या 'अ‍ॅपडेटा – लोकल – व्हर्च्युअलस्टोअर'मध्ये वळवू शकते. मग टिक असताना एक वही, टिक नसताना दुसरी! कालची बिलं 'गायब' होतात ती अशी. ती व्हर्च्युअलस्टोअरमध्ये शोधा. तेव्हा आधी बॅकअप घ्या, डेटाचं फोल्डर 'डी' ड्राइव्हवर न्या, सॉफ्टवेअरमध्ये नवा पत्ता द्या आणि मगच टिक काढा. पत्ता बदलता येत नसेल तर फक्त त्या डेटा फोल्डरच्या 'सिक्युरिटी'त 'यूजर्स'ना 'मॉडिफाय' द्या. अख्ख्या 'प्रोग्राम फाइल्स'ला कधीही नाही. टिक नसूनही चौकट येत असेल, तर ती मागणी बहुधा सॉफ्टवेअरमध्येच लिहिलेली आहे. नवी आवृत्ती बनवणाऱ्याकडेच मागावी लागेल.

प्रश्न : 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं की नेटवर्कचा 'झेड' ड्राइव्ह दिसेनासा होतो. साध्या डबल क्लिकने दिसतो. – एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ड्राइव्ह शाबूत आहे. वर सांगितलेली दोन टोकनं म्हणजे विंडोजच्या लेखी दोन वेगळी लॉगिन. 'झेड'ची जोडणी साध्या लॉगिनमध्ये झालेली असते, दुसऱ्याला तिचा पत्ताच नसतो. प्रोग्राममध्ये 'झेड'ऐवजी पूर्ण पत्ता लिहा : दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव, एक उलटी रेघ, शेअरचं नाव. पासवर्ड विचारला तर देऊन 'रिमेंबर'वर टिक करा.