वकिलाची नोटीस आली म्हणजे वकील करावाच लागतो का, आणि एरवी वकिलाकडे नेमके केव्हा जावे?

आपला प्रश्न असा आहे की, वडिलांच्या पश्चात वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपावरून आपल्या चुलत्यांच्या वकिलांची नोटीस आली असून तीत पंधरा दिवसांत उत्तर मागितले आहे. त्यासाठी वकील करणे बंधनकारक आहे का, आणि एकूणच कोणत्या कामासाठी वकिलाकडे जावे व कोणते काम स्वतः करता येते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी बरीच वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली करतो. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी ज्यांचे भरून न येणारे नुकसान झालेले असते, त्यांच्या बाबतीत कायदा प्रतिकूल होता असे क्वचितच आढळते. बहुतेक वेळा मुदत तरी उलटून गेलेली असते, नाही तर कागदावर सही होऊन गेलेली असते. म्हणून वाद लहान की मोठा, हे मी आधी पाहत नाही. मुदत सुरू झाली आहे का आणि जी सही करायची आहे ती नंतर सहज मागे घेता येईल का, या दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर अडचणीचे असेल तर वकिलाकडे जाण्याची वेळ आलेली असते.

प्रथम आपल्या नोटिशीबद्दल. वकिलाची नोटीस हे समोरच्या पक्षाचे पत्र असते. तो न्यायालयाचा आदेश नव्हे. तिच्यातले पंधरा दिवस त्या वकिलांनी घातलेले आहेत, आणि वाटपाच्या वादात ते उलटले म्हणून आपला हक्क जात नाही. तरीही उत्तर जरूर द्यावे आणि ते वकिलाला दाखवून द्यावे, कारण पुढे दावा झाला की नोटीस आणि तिचे उत्तर हे दोन्ही कागद दाव्यात दाखल होतात व त्यातल्या प्रत्येक वाक्यावर उलटतपासणीत प्रश्न येतात. रागाच्या भरात लिहिलेले एक वाक्य कुठे जाऊन पोहोचते, याचे उदाहरण देतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून ज्याला वगळले गेले आहे त्याने आपल्या हिश्शासाठी दावा लावण्याची मुदत, वगळल्याचे त्याला कळल्यापासून १२ वर्षे आहे. ‘तुमचा या जमिनीत काहीही हिस्सा नाही’ असे आपण चुलत्यांना लेखी कळवले, तर ते कळल्याची तारीख त्या कागदाने पक्की होऊ शकते. उलट पूर्वी वाटप झालेले असूनही ‘आपण बसून मिटवू, तुमचे जे असेल ते देऊ’ असे भाबडेपणाने लिहिले, तर जमीन अजून एकत्रच असल्याची ती कबुली आहे असा युक्तिवाद होतो. म्हणून आधी जुने फेरफार, वाटपाचा काही कागद असल्यास तो, आणि त्या जमिनीच्या गट क्रमांकाचे जितके मागचे मिळतील तितके सातबारा उतारे काढून घ्यावेत, आणि उत्तराचा मसुदा त्यानंतर करावा.

समन्सची गोष्ट मात्र पूर्णपणे वेगळी आहे. समन्स न्यायालयाकडून येते आणि ते मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यावी लागते. कारण दाखवून परवानगी मिळाली तर ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढते, आणि त्यापुढे विलंब माफ करून घेणे फार अवघड होते. टपाल परत पाठवले की प्रकरण थांबते, हा गैरसमज अजूनही सुटलेला नाही. एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या घराचा ताबा घेण्यासाठी न्यायालयाचा बेलीफ येऊन गेला होता. प्रकरणाची नक्कल काढली तेव्हा तिच्यात त्यांच्याच पत्त्याचे एक पाकीट होते आणि त्यावर पोस्टमनने निळ्या शाईने लिहिले होते, ‘घेण्यास नकार’. पाकीट घेतले नाही म्हणजे ते आपल्याला मिळालेच नाही, असे ते समजत होते. कायदा याच्या नेमके उलट धरतो: योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेले टपाल नाकारले तर ते मिळाले असेच समजले जाते. त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे त्यांच्या गैरहजेरीतच निकाल, झालेला होता. तो रद्द करून घेण्याच्या अर्जासाठी ३० दिवसांची मुदत असते, आणि समन्स रीतसर बजावले गेलेच नव्हते असे दाखवता आले तरच ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. या गृहस्थांना त्या पाकिटामुळे ते दाखवता येईना. कागद घेतल्याने कोणतीही गोष्ट मान्य केली असे होत नाही, हे त्यांना कोणी वेळेवर सांगितले असते तर पुढची वर्षे वाचली असती.

दिवस मोजून काम करावे लागते असा दुसरा नेहमीचा विषय म्हणजे न वटलेला धनादेश. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी लागते, ती मिळाल्यापासून चेक देणाऱ्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस मिळतात, आणि ते उलटल्यावर एक महिन्याच्या आत न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. तक्रारीला झालेला उशीर योग्य कारण असेल तर न्यायालय माफ करू शकते. नोटिशीला झालेला उशीर तसा माफ होत नाही. ‘थोडे थांबा, देतो’ असे म्हणत समोरचा हे ३० दिवस घालवून टाकतो आणि लोक भिडेखातर थांबतात. हातउसन्या पैशांचेही असेच होते. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारणपणे ३ वर्षे असते आणि तोंडी आश्वासनाने ती एका दिवसानेही वाढत नाही. मुदतीच्या आत पैसे उसने घेणाऱ्याने सही करून लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम फेडली आणि त्या फेडीचा त्याच्या सहीचा लेखी पुरावा राहिला, तर तिथून नवी मुदत मिळते. नातेसंबंध जपायचे असतील तर दावा लावू नका, पण दोन ओळींची कबुली तरी लिहून घ्या, असे मी पक्षकारांना सांगतो.

आता सहीविषयी, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो. एक बाई भावासोबत दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदणीच्या, कार्यालयात गेल्या. सातबाऱ्यावर वारसांची नावे लावायची आहेत, एवढेच त्यांना सांगितले होते. अंगठा लावला, फोटो निघाला, दहा मिनिटांत काम झाले. दोन वर्षांनी सातबाऱ्यावर त्यांचे नावच दिसेना, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. हातातल्या कागदावर पहिल्याच ओळीत ठळक अक्षरांत ‘हक्कसोडपत्र’ असे लिहिले होते. वारसनोंदीसाठी दुय्यम निबंधकाकडे जावेच लागत नाही. ते काम तलाठ्याकडे अर्ज देऊन होते. हे एकच वाक्य त्यांना आदल्या दिवशी कोणी सांगितले असते तर पुरेसे होते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले. पण स्वतःच्या सहीने सोडलेला हक्क या निकालाने परत मिळत नाही. फसवणूक झाल्याचे कळल्यापासून ३ वर्षांत दस्त रद्द करून मागता येतो. मात्र फसवणूक सिद्ध करण्याचे ओझे सही करणाऱ्यावरच असते. आपल्या घरी बहीण असेल तर तिच्या हिश्शाचा विचारही आपल्या उत्तरात यायला हवा, हे यानिमित्ताने सांगतो.

मिळकतीच्या व्यवहारात नोटरी आणि नोंदणी यांचा घोळ तर रोजचाच आहे. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे जमीन नावावर झाली, असे समजून आयुष्याची पुंजी देऊन बसलेले लोक मी पाहिले आहेत. खरेदीखत नोंदलेलेच असावे लागते, आणि नुसता सातबाराही मालकीचा अंतिम पुरावा मानला जात नाही, कारण ती मुळात महसुलाची नोंद आहे. घर भाड्याने देताना ‘अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही’ असे सांगितले जाते. महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकावर असते, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही वारंवार सांगावे लागते. नॉमिनीला पैसे स्वीकारण्याचा अधिकार असतो, पण सर्वसाधारणपणे ते वारसांच्या वतीने स्वीकारलेले असतात. आयुर्विम्यात आईवडील, पती, पत्नी किंवा मुले नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीपासून स्थिती निराळी आहे. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही आणि त्याची नोंदणीही सक्तीची नाही, मात्र दोन साक्षीदार लागतात. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. सरळ कुटुंब असेल तर मृत्युपत्र स्वतः लिहिता येते, पण एखाद्या वारसाला वगळायचे असेल किंवा दुसरे लग्न, परदेशातले मूल, सामाईक मिळकत असे काही असेल तर ते वकिलाकडूनच करून घ्यावे.

फौजदारी प्रकरणात माझा सल्ला एका वाक्यात मावतो: आपण आरोपी असू किंवा होऊ शकतो असे वाटत असेल, तर पोलिसांसमोर काही सांगण्याआधी वकिलाशी बोला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम ३५ खाली हजर राहण्याची नोटीस आली तर ती टाळू नये, कारण ती पाळली नाही तर अटकेला कारण मिळते. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करणे बंधनकारक आहे, आणि पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद २२ ने दिलेला आहे. आपणच फिर्यादी असाल तर गुन्हा नोंदवण्यासाठी वकील लागत नाही. पहिल्या खबरीची (एफआयआरची) प्रत मात्र मागून घ्या, ती विनामूल्य मिळते.

ज्या कामांसाठी लोक विनाकारण वकिलाची फी भरतात, तीही सांगितली पाहिजेत. माहिती अधिकाराचा अर्ज, वारसनोंद, जन्ममृत्यूच्या दाखल्यातली साधी चूक, ही कामे अर्ज नीट लिहून आणि त्याची पोच घेऊन स्वतः होतात. ग्राहक आयोगापुढे तक्रारदाराला स्वतः उभे राहता येते. तक्रार २ वर्षांत करावी लागते, आपण जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. मात्र वैद्यकीय हलगर्जीपणासारखी तक्रार असेल, जिथे तज्ज्ञाचा पुरावा लागतो, तिथे एकट्याने जाऊ नये. सर्व सहहिस्सेदारांचे एकमत असेल तर शेतजमिनीचे वाटपही जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून होते, म्हणून चुलत्यांशी बोलणे पूर्णपणे बंद करू नका.

फी परवडत नाही म्हणून सल्लाच न घेणारे अनेक आहेत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण सोय उपलब्ध आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. तालुका न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा समिती असते आणि १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

वकिलाकडे जाल तेव्हा मूळ कागद दाखवा, पण त्यांच्याकडे झेरॉक्स ठेवा. आपल्या बाजूची कमकुवत गोष्ट आधी सांगा. आपण वकिलाला जे सांगता ते गोपनीय राहण्याला कायद्याचे संरक्षण आहे, आणि लपवलेली गोष्ट समोरच्या वकिलाच्या तोंडून प्रथम कळली तर आमच्या हाती काही उरत नाही. वकीलपत्रावर सही वाचून करा, कोऱ्या कागदावर कधीही करू नका. निकालाची हमी देणारा किंवा मिळणाऱ्या मिळकतीत हिस्सा मागणारा वकील टाळा. तसा हिस्सा ठरवणे आमच्या व्यवसायाच्या नियमांत निषिद्ध आहे.

आपली नोटीस ज्या पाकिटातून आली ते फेकू नका. ती कोणत्या तारखेला हातात पडली ते आजच पाकिटावर लिहून ठेवा, त्या गटाचे फेरफार तलाठी कार्यालयातून काढा, आणि ते मिळेपर्यंत चुलत्यांना व्हॉट्सअॅपवरही वाटपाबद्दल काही लिहू नका. कागद येईपर्यंत पंधरा दिवस संपत आले, तर ‘कागदपत्रे मिळताच सविस्तर उत्तर देऊ, तोवर नोटिशीतील मजकूर मान्य आहे असे समजू नये’ एवढेच कोणत्याही वकिलाकडून कळवून घेता येईल.